आधी भोक शोधा, मग कचरा टाका

नव्या इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं की तिथे पाणी कोंडून ठेवतात. पाण्याच्या पाइपांच्या तोंडात बोळे कोंबायचे, दोन बोटं पाणी साठवायचं आणि दोन-तीन दिवसांनी खालच्या खोल्यांत जाऊन छताला हात लावून बघायचा. हाताला ओल लागली तर ठेकेदाराचं बिल अडतं. पाण्याची टाकी बांधली तर ती भरून पातळीची खूण करतात आणि पाणी किती उतरलं ते मोजतात. कुंभाराकडचं मडकंसुद्धा आपण बोटाने वाजवून घेतो.

शहराच्या कचऱ्याखाली जी प्लास्टिकची चादर अंथरली जाते, ती मात्र आपण न वाजवताच ताब्यात घेतो. तिच्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं कचरा पडणार असतो आणि तिच्याखाली कुणाच्या तरी विहिरीचं पाणी असतं. ही चादर अखंड आहे की फाटकी, हे कचऱ्याची पहिली गाडी आत जाण्याआधी विजेच्या चाचणीने तपासता येतं. ही चाचणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक नव्या लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागेला, सक्तीची व्हावी आणि ती झाल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल निघू नये, असं माझं म्हणणं आहे. बांधकामाच्या तपासणीत माझी बरीच वर्षं गेली आणि अशी चादर अंथरताना मी उन्हात उभा राहिलो आहे. त्यामुळे हे मला पोटतिडकीने सांगावंसं वाटतं.

ही चादर म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शेततळ्याचा कागद त्याने पाहिलेला असतो. तो साधारण 500 मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड. लँडफिलचा लायनर, म्हणजे ही चादर, त्याच्या तिप्पट जाड, दीड मिलिमीटरचा, एचडीपीई प्लास्टिकचा. 2016 च्या घनकचरा नियमांनी घातलेली अट अशी: तळाशी 90 सेंटिमीटर चिकणमातीचा घट्ट दाबलेला थर, त्यावर हा दीड मिलिमीटरचा लायनर, आणि भूजलाची सर्वांत वरची पातळी या मातीच्या तळापासून किमान दोन मीटर खाली. लायनरवर जाड कापड, मग खडीचा थर आणि त्यात छिद्रांचे पाइप. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, ज्याला सगळे लीचेट म्हणतात, ते या खडीतून पाइपात यावं आणि उपसून शुद्ध करावं, अशी ही रचना.

रचना चांगली आहे. नियमात जाडी आहे, मातीची पाझरक्षमता आहे, विहिरीपासूनचं अंतरही आहे. पण एवढं सगळं घातल्यावर ते गळत नाही ना, हे विजेने तपासा, असं त्या मजकुरात कुठेही नाही. भोवतालच्या 50 मीटरच्या पट्ट्यातलं भूजल वेळोवेळी तपासायला सांगितलं आहे. पण भूजलात लीचेट सापडलं याचा अर्थ चादर कधीच फाटलेली होती आणि आता तिच्यावर मजले चढावेत इतका कचरा आहे. तो उपसून भोक शोधायला कोण जाणार?

शेततळं गळायला लागलं तर पाणी उतरतं. शेतकरी सकाळी काठावर येतो, ओल्या कडेची रेघ दिसते, खेकड्याने पोखरलं की कुत्र्याची नखं लागली ते तो दुपारपर्यंत शोधून काढतो. लँडफिल गळायला लागलं तर वरून काहीच दिसत नाही. उलट पाइपातून येणारं लीचेट कमी झालं म्हणून सगळे खूश होतात.

चादरीची आज काहीच तपासणी होत नाही, असं मी म्हणत नाही. होते, आणि बऱ्याच ठिकाणी मन लावून होते. लायनरचे गठ्ठे साधारण सात मीटर रुंदीचे येतात. ते शेजारी शेजारी अंथरून कडा एकमेकींवर घेऊन गरम पाचर फिरवणाऱ्या मशीनने जोडतात. त्या जोडात दोन समांतर पट्टे वितळतात आणि मध्ये एक पोकळ नळी राहते. तिच्यात हवा भरून दाब टिकतो का ते पाहतात. हाताच्या वेल्डिंगवर साबणाचं पाणी लावून काचेची पेटी ठेवतात, आतली हवा ओढतात आणि बुडबुडा येतो का बघतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बघतो, तीच अक्कल. शिवाय दर दीडशे मीटरला जोडाचा एक तुकडा कापून तो ओढून, सोलून प्रयोगशाळेत तपासायचा अशी पद्धत आहे.

आता जरा हिशोब करू. एका हेक्टरात सात मीटरच्या पट्ट्यांचे जोड जवळजवळ दीड किलोमीटर भरतात. जोडाची रुंदी फार तर दहा सेंटिमीटर. म्हणजे तपासलं गेलेलं क्षेत्र दीडशे चौरस मीटरच्या आत, दहा हजार चौरस मीटरांपैकी. शंभरातले दोन भागही नाहीत. उरलेल्या अठ्ठ्याण्णव भागांवरून कुणीतरी चालत जातं, नजर टाकतं आणि सही करतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या सगळ्या तपासण्या खडी पडण्याच्या आधी होतात.

खडी पसरताना काय होतं ते मी पाहिलेलं आहे. एका नगरपालिकेचं काम होतं, एप्रिलचा शेवट. पावसाळ्याआधी खडीचा थर पुरा करायचा म्हणून तीन डंपर आणि एक डोझर लावलेला. काळं प्लास्टिक उन्हात इतकं तापतं की हात ठेवता येत नाही, आणि तापलं की ताणतं. शंभर मीटर लांबीची चादर चाळीस अंशांनी तापली तर जवळपास 80 सेंटिमीटरनी वाढते. ही वाढ जाणार कुठे? तिच्या वळकट्या होतात. त्या दिवशी दुपारी वळकट्या घोट्याच्या वर आलेल्या होत्या. खरं तर खडी सकाळी लवकर, चादर आखडलेली असताना पसरायची असते आणि डोझरच्या पट्ट्यांखाली नेहमी किमान फूटभर थर ठेवायचा असतो. पण डंपरच्या फेऱ्या ठरलेल्या होत्या. ड्रायव्हरने गाडी फिरवायला जागा नाही म्हणून पातळ थरावरच चाकं वळवली. वळकटी चाकाखाली दुमडली, खडी दोन्ही बाजूंनी सरकली आणि वरून सगळं पुन्हा सपाट दिसू लागलं. मी थांबवलं, उकरायला लावलं. दोन दगडांच्या मध्ये चिमटलेली चादर बोटभर लांब चिरली होती. चिरेच्या कडा एकमेकींना चिकटलेल्या, नीट पाहिल्याशिवाय कळणारही नाही अशा.

ती चीर मला दिसली, कारण मी नेमका तिथे उभा होतो. त्या महिन्याभरात डंपर किती वेळा वळले असतील आणि मी किती वेळा तिथे नव्हतो, हा विचार अजून सुटत नाही. काम संपल्यावर जोडांचे सगळे अहवाल उत्तीर्ण होते. विजेची चाचणी टेंडरमध्ये नव्हती, म्हणून झाली नाही.

हा माझ्या एका साइटचा अनुभव म्हणून सोडून द्यावा असंही नाही. वेगवेगळ्या देशांतल्या लायनरांची नोस्को आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये मांडलेली आकडेवारी या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते. एकूण नुकसानापैकी अंथरताना आणि जोडताना झालेलं 24 टक्के, वर माती-खडी पसरताना झालेलं 73 टक्के. म्हणजे आपण सगळी तपासणी त्या 24 टक्क्यांवर खर्च करतो आणि 73 टक्क्यांच्या वेळी पाठ फिरवतो.

विजेच्या चाचणीचं तत्त्व शाळेतल्या मुलालाही कळेल. प्लास्टिकमधून वीज जात नाही. ओल्या खडीतून आणि ओल्या मातीतून जाते. चादरीच्या वरच्या थरात एक इलेक्ट्रोड रोवायचा, दुसरा बाहेर जमिनीत, आणि काहीशे व्होल्टचा डीसी दाब द्यायचा. चादर अखंड असेल तर विजेला वाटच नाही. भोक असेल तर त्यातूनच ती खाली उतरणार. मग एक माणूस दोन टोकांचं मोजणीचं साधन घेऊन आखलेल्या दोऱ्यांवरून चालत जातो. भोकाजवळ येताना आकडा चढतो, भोक ओलांडलं की चिन्ह उलटतं, अधिकचं उणे होतं. त्या दोन टोकांच्या मध्ये भोक. फूट-दोन फूट खडीखालचं भोक असं वरून, काही न उपसता सापडतं.

एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या तळ्यावर मी हे जवळून पाहिलं. आकडा उलटला तिथे चुन्याची फुली मारली. मुकादमाने खोरं बाजूला ठेवायला सांगितलं, कारण खोऱ्याचं टोकच नवं भोक पाडतं. दोघा बायकांनी हाताने खडी घमेल्यात भरली. खाली एक बारीक टोकदार दगड उभा बसला होता आणि त्याच्याखाली करंगळीचं टोक जाईल एवढं भोक. ते पुसलं, वाळवलं, गोल कोपऱ्यांची मोठी चकती वितळवून बसवली आणि तोच पट्टा पुन्हा तपासला. पुन्हा तपासणं गरजेचं असतं, कारण मोठं भोक बहुतेक वीज स्वतःकडे ओढतं आणि शेजारचं लहान भोक झाकलं जातं. दुसऱ्या फेरीत खरंच आणखी एक निघालं.

ही पद्धत 1980 च्या दशकात अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, तिथल्या पर्यावरण खात्याच्या कामातून घडली. आज तिची एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची छापील मानकं आहेत: उघड्या चादरीवर पाण्याची धार धरून करायची चाचणी वेगळी, खडीने झाकल्यावरची वेगळी. न्यूयॉर्कसारख्या राज्याने ती नियमात घेतली आहे. चाळीस वर्षं जुनी गोष्ट आपल्याकडे अजून नवलाची राहावी, याचं मला वाईट वाटतं.

विरोधात जे म्हटलं जातं त्यातला एक मुद्दा वजनदार आहे. चादरीखाली 90 सेंटिमीटर चिकणमाती आहेच, मग एखाद्या भोकाने काय बिघडतं? माती नीट दाबलेली असेल आणि चादर तिला घट्ट चिकटलेली असेल, तर भोकातून पाझर खरंच फार थोडा होतो. माती आणि चादर ही जोडी म्हणूनच घालतात. पण 'घट्ट चिकटलेली' हा शब्द कळीचा आहे. भोक वळकटीवर पडलं तर चादरीखाली पोकळ बोळ असतो. त्यात उतरलेलं पाणी वळकटीभर पसरतं आणि लांबलचक पट्ट्यातून मातीत मुरतं. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाचे केरी रो यांनी हे अनेक वर्षं तपासून मांडलं आहे. प्रत्यक्षात मोजलेली गळती कागदी गणितापेक्षा जास्त का निघते, याचं उत्तर वळकट्यांवरच्या भोकांत सापडतं. आणि वळकटी जिथे, तिथेच चाक लागून चादर चिरण्याची शक्यता जास्त.

माती जर भेगाळलेली असेल, तर हिशोब आणखी बदलतो. तीन मिलिमीटरचं एक भोक, वर फूटभर पाणी आणि खाली मोकळी वाट असेल तर दिवसाला 900 लिटरच्या आसपास पाणी उतरतं. ही टोकाची स्थिती झाली. पण मार्चमध्ये दाबलेली चिकणमाती मेपर्यंत उघडी तापत पडली तर तिला भेगा जातात, हे आपल्या काळ्या रानात राहणाऱ्याला कुणी सांगायला नको.

त्याच्याही खाली आपला दख्खनचा काळा पाषाण आहे. वाळूसारखं त्यातून पाणी सगळीकडे सारखं झिरपत नाही, भेगांनी आणि सांध्यांनी धावतं. म्हणून एका वस्तीची विहीर चांगली आणि शेजारच्या शेतातली बिघडलेली, असं होतं. तपासणीसाठी खोदलेल्या बोअरला ती भेग लागली नाही, तर अहवालात पाणी स्वच्छ आणि गावात मात्र तोंडाला वास. पुण्याचा कचरा झेलणाऱ्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांना हे कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तिथे वर्षानुवर्षं उघड्यावर कचरा पडला, विहिरींचं पाणी गेलं, टँकर आले, आंदोलनं झाली. एकदा बिघडलेलं भूजल कुठल्याही टेंडरने परत येत नाही.

इथे कुणी म्हणेल, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चादरच नाही आणि तुम्ही भोकं मोजायला निघालात. मला हा युक्तिवाद पटत नाही. चादर नसलेले डेपो ही जुनी चूक आहे आणि बायोमायनिंगने, म्हणजे जुना कचरा खणून आणि चाळून, ते उपसायचं काम राज्यभर चालू आहे. पण उपसल्यावर जे उरतं, चाळणीखालची निरुपयोगी माती आणि प्रक्रिया न होणारा कचरा, ते कुठेतरी टाकावंच लागतं. कचरा जाळून वीज केली तरी राख उरते आणि त्या राखेत जड धातू असतात. लँडफिल लहान होईल, नाहीसं होणार नाही. उलट जे उरेल ते जास्त घातक असेल. म्हणून आता लँडफिलचे जे नवे कप्पे बांधले जातील ते तरी अखंड असावेत.

खर्चाचा मुद्दा काढणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की चादर, माती, खडी, पाइप आणि लीचेट शुद्धीकरणावर पैसे ओतून झाल्यावर, या सगळ्याचा उपयोग होतो की नाही हे बघण्याचा खर्च जड कसा वाटतो? चार-आठ दिवसांचं काम, थोडी उपकरणं आणि ती चालवणारी जाणकार माणसं. माणसं कमी आहेत हे खरं. पण मागणी नाही म्हणून माणसं नाहीत. सक्ती झाली की आपल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं हे शिकतील. वेन्नर पद्धतीने जमिनीचा रोध मोजून बोअरची जागा सांगणारी माणसं तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांना हे काही परकं नाही.

मात्र ही चाचणी ऐनवेळी आठवून करता येत नाही, आणि याकडे टेंडर लिहिणाऱ्यांनी खास लक्ष द्यायला हवं. चादरीवरची खडी कडेला बाहेरच्या मातीला टेकलेली असेल तर वीज तिथूनच पळते आणि भोकं दिसत नाहीत. म्हणून कडेने एक उघडी पट्टी राखून ठेवावी लागते. खडी कोरडी ठणठणीत असेल तर वीज वाहतच नाही. आपल्याकडे हे काम नेमकं एप्रिल-मे महिन्यात होतं, म्हणजे आधी टँकरने खडी भिजवण्याची तरतूद हवी. घातक कचऱ्याच्या काही लँडफिलमध्ये एकावर एक दोन चादरी असतात आणि मध्ये प्लास्टिकची जाळी. वरच्या चादरीखाली मातीच नाही, वीज जाणार कशी? तिथे खालच्या अंगाला वीजवाहक थर असलेली चादरच मागवावी लागते. हे खरेदीच्या आधी ठरवायचं असतं.

चाचणीलाही मर्यादा आहेत आणि त्या लपवू नयेत. खडीखालच्या चाचणीत फार बारीक छिद्रं निसटू शकतात. भोकाखाली ओल्या मातीचा स्पर्शच नसेल तर तेही निसटतं. दहा वर्षांनी प्लास्टिक जुनं होऊन काय होईल ते ही चाचणी सांगत नाही. म्हणून चादर उघडी असताना एकदा आणि खडी पसरल्यावर एकदा, अशी दोनदा ती व्हायला हवी. आणि ती ठेकेदाराने नेमलेल्या माणसाने करू नये. पैसे पालिकेने द्यावेत, माणूस त्रयस्थ असावा आणि चादर अंथरणाऱ्या कंपनीशी त्याचा काडीचाही संबंध नसावा.

दरसूचीत या चाचणीसाठी वेगळी बाब हवी. मोजमाप पुस्तिकेत तिची नोंद हवी. कप्पा वापरायला परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर भोकांचा नकाशा, प्रत्येक दुरुस्तीचा फोटो आणि फेरतपासणीचा आकडा असल्याशिवाय सही होऊ नये. तोच नकाशा शेजारच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा.

तिथल्या लोकांनी एक गोष्ट जरूर तपासावी. चाचणी सुरू करताना मुद्दाम एक कृत्रिम भोक ठेवतात, झाकलेल्या चादरीसाठी मानकात ते 6.4 मिलिमीटरचं सांगितलं आहे. ते ज्या यंत्राला आणि ज्या माणसाला सापडतं, त्यालाच पुढे जाता येतं. अहवालात 'एकही भोक आढळलं नाही' असं लिहिलं असेल, तर त्या दिवशी ते कृत्रिम भोक सापडलं होतं का, खडी किती ओली होती आणि कडेची पट्टी मोकळी होती का, हे विचारा. चार-पाच हेक्टर चादर, महिनाभर फिरलेले डंपर आणि तरी शून्य भोकं, तर फेरचाचणी मागा. सात भोकं सापडली आणि सातही बुजवली असं लिहिलेला अहवाल माझ्या हातात आला, तर मी त्या कामावर जास्त विश्वास ठेवीन.